पहिल्या गेमसाठी कोणती भाषा? एका निवडीचे प्रकरण

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. त्याला कंप्युटर गेम करायचा होता, आणि गेम करण्याऐवजी गेले कित्येक महिने तो प्रोग्रामिंगची भाषाच निवडत होता. सी-प्लस-प्लसचा कोर्स अर्ध्यावर सुटला, मग कुणी सांगितले म्हणून सी-शार्प, मग रस्टबद्दल काही वाचले आणि तिकडे ओढा. दर वेळी सुरुवातीचे धडे व्हायचे, ‘ही भाषा गेमसाठी बरोबर आहे ना?’ अशी शंका डोके वर काढायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून शेवटी प्रश्न माझ्यापर्यंत आला. “मावशी, तू एकदाच नीट सांग. गेमसाठी सगळ्यात चांगली भाषा कोणती?”

‘ते गेमवर अवलंबून आहे’ हे उत्तर त्याने आधीच ढिगाने वाचलेले होते आणि त्याला ते टाळाटाळ वाटत होते. मला ते पटते. अवलंबून आहे म्हणजे नेमके कशावर, हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून आम्ही प्रश्न लहान केला: हा एक गेम, हा मुलगा, हा लॅपटॉप आणि खेळणारी ही मंडळी, यांच्यासाठी कोणती भाषा? पुढे जे लिहिते आहे ते या एका निवडीबद्दल. त्यात ज्या दोन-तीन गोष्टींनी निकाल लावला, त्या त्याने वहीत केलेल्या तुलनेच्या तक्त्यात कुठेच नव्हत्या. तक्त्यात होते वेग, लोकप्रियता, नोकऱ्या आणि ‘मोठ्या कंपन्या काय वापरतात’.

आधी गेम सांग

“तुला करायचाय तो गेम सांग,” म्हटल्यावर त्याने मोठे जग, शत्रू, शस्त्रे, ऑनलाइन मित्र असे सगळे सांगितले. त्या स्वप्नाला मी हात लावला नाही. फक्त विचारले, यातला सगळ्यात लहान तुकडा कोणता, की जो एकटा खेळला तरी मजा येईल? बराच वेळ खोडाखोड करून कागदावर जे उरले ते असे: वरून उल्का पडतात, खाली एक यान डावीकडे-उजवीकडे सरकते, उल्का चुकवायच्या आणि मधूनमधून पडणारे तारे गोळा करायचे. तीन जीव. वेळ जाईल तसा पडण्याचा वेग वाढतो. बस.

कागदावरच हिशेब केला. स्क्रीनवर एका वेळी फार तर ३० उल्का. यान एकच. म्हणजे प्रत्येक फ्रेमला, स्क्रीनवर दर वेळी नवे चित्र उमटताना, ३० वेळा तपासायचे की ही उल्का यानाला लागली का. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १,८०० तपासण्या. आजच्या कुठल्याही भाषेला, कुठल्याही फोनवर, हे काम जाणवणारही नाही. वेगाचा प्रश्न येतो तो वस्तू एकमेकींवर आपटायला लागल्या की. २०० वस्तू प्रत्येक दुसरीशी ताडून पाहायच्या तर जोड्या होतात १९,९००. २,००० वस्तू असतील तर १९ लाख ९९ हजार, आणि तेही प्रत्येक फ्रेमला, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंदांच्या आत. तिथे पायथन धापा टाकेल आणि सी-प्लस-प्लससुद्धा हुशारीने लिहावे लागेल. पण आपल्या गेममध्ये ते नव्हतेच. तक्त्यातला ‘वेग’ हा रकाना तिथेच निकाली निघाला.

मग त्याच्याजवळ काय आहे ते पाहिले. शाळेत शिकलेले पायथन: लूप, फंक्शन, लिस्ट हे पक्के, क्लासची नुसती तोंडओळख. लॅपटॉप जुना, ४ जीबी मेमरीचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रे काढायची आवड चांगली. आणि मी सहज विचारले, “खेळणार कोण?”

“वर्गातले मित्र.”

“कशावर?”

“फोनवर. लॅपटॉप सगळ्यांकडे कुठे आहेत?”

ही माहिती त्याला पहिल्यापासून होती. भाषा निवडण्याशी तिचा काही संबंध असेल असे वाटले नव्हते, इतकेच. माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. गेम कुणाच्या हातात जाणार आणि त्या हातात कोणते यंत्र आहे, हे कळले की निम्मे उमेदवार आपोआप गळतात.

‘खरे गेम सी-प्लस-प्लसमध्येच होतात’

हे वाक्य त्याच्या मनात घट्ट बसलेले होते आणि ते नुसते खोडून चालणार नव्हते, कारण त्यात तथ्य आहे. अनरिअल इंजिन (इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो तो तयार पाया) सी-प्लस-प्लसचे आहे, मोठ्या स्टुडिओंची बरीच इंजिने त्याच भाषेत आहेत. १९९३ चा डूम सी भाषेत लिहिला होता. त्याच्याही मागे जा: १९७२ च्या पाँगमध्ये तर प्रोग्रामच नव्हता, चेंडू आणि फळ्या थेट इलेक्ट्रॉनिक सर्किटने हलत होत्या. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता, २ मेगाहर्ट्झचा. त्याला पडद्यावरचे ५५ परग्रहवासी एकदम हलवता येत नव्हते. एका फ्रेमला एकच हलायचा. म्हणून खेळाडू जसजसे त्यांना मारत जातो तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि फौज वेगाने अंगावर येते. गेमचा सगळा थरार यंत्राच्या त्या अपुरेपणातून आलेला. अशा यंत्रावर गेम लिहायचा तर यंत्राच्या जवळची भाषा हवीच. ‘गेम म्हणजे वेगवान भाषा’ ही समजूत त्या काळात खरी होती.

आज चित्र वेगळे आहे, आणि ते का वेगळे आहे हे भाच्याला समजावण्यात आमचा बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला. पायथनमध्ये पायगेम ही लायब्ररी, म्हणजे गेमसाठी तयार लिहिलेला कोड, वापरून गेम लिहिला तर स्क्रीनवर चित्र उमटवण्याचे काम पायथन करतच नाही. पायगेमच्या खाली एसडीएल नावाची लायब्ररी असते, ती सी भाषेतली. आपण पायथनमध्ये म्हणतो ‘हे चित्र इथे ठेव’, आणि ठेवण्याची अंगमेहनत सी करते. ब्राउझरमध्येही तसेच. जावास्क्रिप्ट फक्त सांगते, रंगवणारे ब्राउझरचे इंजिन सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले असते. म्हणजे ‘खऱ्या’ भाषेचा फायदा आपल्याला मिळतोच. आपण लिहितो ते गेमचे नियम: उल्का किती वेगाने, जीव कधी जातो, तारा मिळाला की काय होते. नियम लिहायला सुटसुटीत भाषा असली की पुरे.

नावेच हवी असतील तर माइनक्राफ्टची मूळ आवृत्ती जावामध्ये आहे. २०१६ चा स्टारड्यू व्हॅली सी-शार्पमध्ये, एकट्या माणसाने लिहिलेला. २०२४ मध्ये गाजलेला बलाट्रो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या छोट्या चौकटीवर. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स सुरुवातीला जावास्क्रिप्टमध्ये, फेजर ही लायब्ररी वापरून केलेला होता आणि यशस्वी झाल्यावर दुसऱ्या इंजिनवर नेला गेला. हे शेवटचे उदाहरण भाच्याला सगळ्यात जास्त लागू पडले. भाषा नंतर बदलता येते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

उमेदवार

स्क्रॅच, म्हणजे कोड टाइप न करता ठोकळे जोडून प्रोग्राम करायचे साधन, मी मुद्दाम पहिल्यांदा ठेवले. “ते लहान मुलांचं आहे,” तो म्हणाला. माझे मत वेगळे आहे. एमआयटी मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेल्या या साधनात चित्रे, टक्कर, आवाज, स्वतःच्या प्रती करणारे पात्र, सगळे तयार मिळते आणि उल्कांचा गेम एका दुपारी उभा राहतो. मर्यादा आहेत: ४८० गुणिले ३६० चा पट, आणि एका वेळी जास्तीत जास्त ३०० प्रती. आपल्याला त्या कुठेच आडव्या आल्या नसत्या. पण त्याला कोड टाइप करायचा होता, आणि ज्याला जे करायची ऊर्मी आहे ते त्याला करू द्यावे. एक मात्र करायला लावले. गेमची पहिली कच्ची आवृत्ती त्याने स्क्रॅचमध्ये जोडली, कोणत्या वेगाला मजा येते हे पाहण्यापुरती. तारे नसले की गेम कंटाळवाणा होतो हे त्याला तिथेच कळले, भाषा ठरण्याच्या आधी.

पायथन आणि पायगेम हा स्वाभाविक पर्याय होता. भाषा ओळखीची, पायगेम २००० सालापासूनचे, उदाहरणे मुबलक. मित्रांकडे लॅपटॉप असते तर मी दुसरीकडे पाहिलेही नसते. अडचण एकच, पण मोठी: गेम दुसऱ्याच्या हातात देणे. पायथन नसलेल्या कंप्युटरवर द्यायचा तर पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने पायथनसकट गाठोडे बांधावे लागते, ते आकाराने फुगते, आणि अशा फाइलवर अँटिव्हायरस कधीकधी विनाकारण संशय घेतो. फोनसाठी तर आडवाटेनेच जावे लागते. वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये इतर भाषांतला कोड चालवणाऱ्या तंत्राच्या, मदतीने पायगेमचा गेम ब्राउझरमध्ये चालवता येतो, पण त्यात काही बिनसले तर नवशिक्याला दोष कुठे शोधायचा हे कळत नाही.

लुआ मला स्वतःला फार आवडते. १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या एका विद्यापीठात जन्मलेली, छोटी, नीटनेटकी भाषा. लव्हमध्ये तीन फंक्शन लिहायची, एक सुरुवातीला चालणारे, एक दर फ्रेमला हिशेब करणारे, एक चित्र काढणारे, आणि गेम उभा. शिकणाऱ्याला गेमचा सांगाडा इतक्या स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो. लिस्टची मोजणी एकपासून सुरू होते, पायथनची सवय असलेल्याला तेवढे ठेचकाळते. पण ब्राउझरमध्ये चालवायची अधिकृत सोय लव्हबरोबर मिळत नाही, आणि मित्रांच्या फोनवर गेम सहज पोहोचवायला आपल्याला तेच हवे होते.

गोडो या गेम-इंजिनाचा विचार गंभीरपणे केला. २०१४ पासून मुक्त स्रोत, एमआयटी परवाना, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखीच दिसते. त्याची वेबसाठीची निर्यातही आहे. मात्र सगळे इंजिनच बरोबर जात असल्याने रिकाम्या गेमचे वजनही कित्येक मेगाबाइट होते, आणि आपल्या गेमचा कोड-चित्रे मिळून काहीशे किलोबाइटही होणार नव्हती. शिवाय इंजिन शिकणे ही भाषेपेक्षा वेगळी आणि मोठी गोष्ट असते: नोड, सीन, सिग्नल, एडिटरमधली शेकडो बटणे. पहिल्या गेमला ते ओझे नको वाटले. युनिटी हे दुसरे इंजिन याच कारणाने बाजूला राहिले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने जाहीर केलेल्या आणि वर्षभराने मागे घेतलेल्या शुल्काची त्याला भीती होती, पण ते शुल्क ठरावीक उत्पन्न आणि इन्स्टॉलची मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी होते. वर्गमित्रांसाठी गेम करणाऱ्याने त्यावर झोप घालवायचे कारण नव्हते.

आणि जावास्क्रिप्ट. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना केला, आणि त्या घाईच्या खुणा भाषेत अजून आहेत. तरीही ब्राउझर असलेल्या प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक कंप्युटरमध्ये ती आधीच बसवलेली आहे. लिंक पाठवली की गेम पोहोचला.

एकच चौकोन, तीन भाषांत

इथे मी निर्णय सांगून मोकळी होऊ शकले असते. पण मी सांगितलेला निर्णय पहिल्या अडचणीला डळमळला असता, हे त्याच्या आधीच्या महिन्यांवरून दिसत होते. म्हणून ठरवले की पायथन, लुआ आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांत एकच गोष्ट करायची: काळा पडदा, त्यावर एक पांढरा चौकोन, बाणाच्या बटणांनी डावीकडे-उजवीकडे हलणारा. मग तो चौकोन एका मित्राला पाठवायचा. गेम नाही, फक्त चौकोन.

मी त्याला तीन गोष्टी टिपून ठेवायला सांगितल्या. कोरी फाइल ते हलणारा चौकोन यात किती अडथळे आले. चूक झाली तेव्हा भाषेने काय सांगितले. आणि वेग बदलून तो बदल डोळ्यांनी पाहायला किती वेळ लागला. या तिसऱ्या गोष्टीला मी फार महत्त्व देते. गेममध्ये आकडे अंदाजाने ठरत नाहीत, खेळून ठरतात. वेग २०० ठेवायचा की २६०, यान किती झटकन वळायला हवे, हे पुन्हापुन्हा बदलून, खेळून, परत बदलून कळते. तो फेरा दोन सेकंदांचा असेल तर माणूस शंभरदा करतो, दोन मिनिटांचा असेल तर पाचव्या वेळी ‘चालेल’ म्हणतो. गेम हाताला कसा लागतो, हे या फेऱ्याच्या लांबीवर ठरते.

पायथनमध्ये चौकोन लगेच दिसला, पण खिडकी काही क्षणांत गोठली आणि ‘प्रतिसाद देत नाही’ असे झाले. कारण लूपमध्ये घडामोडींची रांग रिकामी करणारी ओळ राहिली होती. पायगेमला दर फेरीत ‘काय घडले ते दे’ असे विचारावे लागते, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमला वाटते प्रोग्राम मेला. ती ओळ घातल्यावर चौकोन हलला. चुकांचे संदेश सगळ्यात स्पष्ट इथेच होते: कोणती ओळ, काय चूक.

लुआमध्ये चौकोन सगळ्यात कमी ओळींत हलला. चूक झाली की निळा पडदा आणि त्यावर चुकीचा तपशील. भाचा खूश.

जावास्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा काहीच झाले नाही. कोरे पान, ना तक्रार ना संदेश. चूक होती एका नावात, पण ब्राउझर ती मुकाट्याने कन्सोल नावाच्या आतल्या खिडकीत लिहितो आणि कन्सोल उघडायचा असतो हेच त्याला माहीत नव्हते. ते दाखवल्यावर काम पुढे सरकले. आणि मग फेरा: फाइल साठवली, पान ताजे केले, बदल समोर.

पाठवण्याच्या परीक्षेत पायथन आणि लुआ तिथेच अडले, मित्राजवळ फक्त फोन होता. जावास्क्रिप्टचे पान त्याने स्थिर पाने फुकट ठेवू देणाऱ्या एका सेवेवर चढवले आणि लिंक पाठवली. मित्राचा निरोप आला: चौकोन दिसतोय, पण हलवू कसा? फोनला बाणाची बटणे कुठे असतात! गेम सुरू होण्याआधीच हे कळले हे उत्तम झाले. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यावर बोट ठेवले तर डावीकडे, उजव्या अर्ध्यावर ठेवले तर उजवीकडे, असे नियंत्रण त्याने त्याच रात्री बसवले आणि तेच शेवटपर्यंत टिकले.

भाषा अशी ठरली, आणि ती मी नाही, त्यानेच ठरवली. माझी एक अट होती. पहिला गेम फेजरसारख्या लायब्ररीशिवाय, साध्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या पटावर, करायचा. फेजर चांगले आहे, पण गेमचा लूप, वेळेचा हिशेब, टक्कर ओळखणे ही तीन कामे ते पोटात घेते. उल्कांच्या गेममध्ये ही कामे हाताने लिहायला सोपी आहेत आणि एकदा हाताने लिहिली की पुढे कुठलेही इंजिन परके वाटत नाही. मोठ्या गेमला ही अट मी घातली नसती.

निवडीची किंमत

प्रत्येक भाषा काहीतरी वसूल करते. जावास्क्रिप्टने दोन ठिकाणी जोरात वसूल केले.

पहिले ताऱ्यांचे. गेम संपला की आजवर जमवलेले एकूण तारे ब्राउझरच्या साठ्यात ठेवायचे आणि पुढच्या वेळी त्यात भर घालायची. साठ्यात १२ होते, नव्या खेळात ५ मिळाले, आणि स्क्रीनवर आले १२५. पुढच्या खेळात ३ मिळाले, तर १२५३. तो अर्धी संध्याकाळ बेरजेच्या ओळीकडे पाहत बसला, कारण बेरीज बरोबरच होती. चूक साठ्याची होती. ब्राउझरचा हा साठा सगळे काही अक्षरांच्या रूपात ठेवतो, आकडा म्हणून नाही. परत येते ते ‘१२’ हे लिखित, आणि त्याला ५ जोडले की जावास्क्रिप्ट बेरीज न करता अक्षरे शेजारी-शेजारी चिकटवते. पायथनने इथे थांबून सांगितले असते की अक्षरे आणि आकडा मिसळत नाहीत. जावास्क्रिप्ट पुढे रेटते. उपाय एका शब्दाचा आहे, साठ्यातून घेतलेल्या मजकुराचा आधी आकडा करायचा. पण ही सवय लागेपर्यंत ती भाषा शिकणाऱ्याची परीक्षा पाहते, आणि नवशिक्याला जावास्क्रिप्ट सुचवणाऱ्याने हे आधी सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

दुसरे वेगाचे. त्याच्या लॅपटॉपवर गेम छान चालत होता. एका मित्राच्या भावाकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर होता, तिथे उल्का अक्षरशः कोसळत होत्या आणि कुणालाच काही सेकंदांपलीकडे तग धरता येत नव्हता. कोडमध्ये लिहिले होते, दर फ्रेमला ३ पिक्सेल खाली ये. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १८० पिक्सेल. १४४ असतील तर ४३२. ब्राउझर स्क्रीनच्या ताज्या होण्याच्या गतीने फ्रेम मागतो, म्हणून ६४० पिक्सेल उंचीचा पट ओलांडायला एका ठिकाणी साडेतीन सेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी दीडच. एकच गेम दोन जणांना दोन वेगळे गेम म्हणून मिळत होता. ९० आणि १२० हर्ट्झच्या फोनवरही हेच झाले असते.

ही अडचण भाषेची नाही, सगळीकडे येते. उपाय असा की अंतर फ्रेमवर मोजायचे नाही, वेळेवर मोजायचे. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो घ्यायचा, त्याला सेकंदाला १८० या वेगाने गुणायचे, तितके खाली यायचे. लव्हमध्ये हा गेलेला वेळ फंक्शनला आपोआप हातात मिळतो. साध्या कॅनव्हासवर वजाबाकी आपण करायची. ते बसवल्यावर आणखी एक गंमत निघाली. खेळताना फोन आला, वीस सेकंद बोलून परत आले की सगळ्या उल्का एकदम गायब. कारण ब्राउझर झाकलेल्या पानाला फ्रेम देत नाही, आणि परतल्यावर ‘गेलेला वेळ’ वीस सेकंद निघतो, म्हणजे उल्का एका उडीत ३,६०० पिक्सेल खाली. म्हणून त्या वेळेला वरची मर्यादा घातली: कितीही वेळ गेला असला तरी एका फ्रेमला ०.०५ सेकंदाच्या वर धरायचा नाही.

बाकीच्या अडचणी किरकोळ होत्या. खेळाडूने स्क्रीनला हात लावल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘खेळा’ असे बटण आले. कोड तीन मॉड्यूलांत, म्हणजे एकमेकींतून कोड मागवणाऱ्या फाइलींत, विभागल्यावर डबल-क्लिकने उघडलेल्या पानात गेम चालेनासा झाला, कारण ब्राउझर अशा रीतीने उघडलेल्या पानाला मॉड्यूल घेऊ देत नाही. त्याला स्थानिक सर्व्हर, म्हणजे आपल्याच कंप्युटरवरून पान पुरवणारा छोटा प्रोग्राम, लागतो. तो पायथनमध्येच एका ओळीत मिळतो, तेव्हा शाळेतले पायथन कामी आले.

एक फायदा मात्र अनपेक्षित मिळाला, आणि मराठीत गेम करू पाहणाऱ्यांसाठी तो मुद्दाम नोंदवते. गेममधले सगळे शब्द त्याने मराठीत ठेवले. ब्राउझर देवनागरी नीट मांडतो, कारण वेबपानांसाठी त्याला ते करावेच लागते. गेमच्या लायब्रऱ्यांचे तसे नाही. अक्षरजुळणीची सोय नसलेल्या लायब्ररीत जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आहे, तिसऱ्यात नव्हती. देवनागरी, अरबी अशा लिप्यांत गेम करायचा असेल तर भाषा ठरवण्याआधी ‘खिडकीत युद्धनौका’ असे काहीतरी लिहून पाहावे. पाच मिनिटांत उत्तर मिळते.

दुसऱ्या गेमची भाषा

उल्कांचा गेम पूर्ण झाला, वर्गात खेळला गेला, उच्चांकांवरून वाद झाले. मग त्याने दुसरा गेम मनात घेतला: बाजूने दिसणारा, उड्या मारत पुढे जाणारा, बारा टप्प्यांचा. आणि या वेळी त्याने स्वतःच विचारले, “मावशी, टप्पे कोडमध्ये आकडे लिहून मांडायचे का?” तो प्रश्न बरोबर जागी होता. बारा टप्प्यांतली हजारो चौकटींची मांडणी, कॅमेरा, उतारावरची टक्कर, पात्राच्या चालण्याच्या चित्रमालिका हे सगळे हाताने लिहिण्यात आता शिकण्यासारखे थोडे आणि कंटाळण्यासारखे फार होते. इथे नकाशा डोळ्यांसमोर रंगवता येईल असा एडिटर हवा. दरम्यान मित्रांपैकी दोघांनी चित्रे काढायची तयारी दाखवली होती, त्यांना कोड न उघडता टप्पा मांडता यायला हवा होता. आता काही मेगाबाइट जास्त लागले तरी चालणार होते.

म्हणून दुसरा गेम गोडोमध्ये, जीडीस्क्रिप्टमध्ये सुरू आहे. चौकोनाची परीक्षा त्याने तिथेही आधी घेतली, फोनवर लिंक पाठवण्यासकट. नोड आणि सीन ही रचना त्याला नव्याने शिकावी लागली, सिग्नल अजून अवघड जातात. पण दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनला गोडो एक आकडा देतो, मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, आणि तो कशाला दिला आहे हे त्याला विचारावे लागले नाही.